१८७ नंबरचा पाणक्या

३० जून

नागपूरहून आजच परतलो. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. ‘सर्वानुमते ठरले’ असं लिहून किती भांडणं झाकली, त्याची गणती नाही. सचिवपद गेलं, लिहिण्याची खोड गेली नाही. म्हणून मुलाकडून, छोटूकडून, ही डायरी मागवली होती. आज पहिल्याच पानाला काय लिहावं ते सुचत नाही.

डॉक्टरांनी माझ्या बायकोला, मंदाला, बाहेर बाकावर बसवलं आणि मला नि छोटूला आत बोलावलं. पित्ताशयातून यकृतात पसरलं आहे म्हणाले. ऑपरेशनचा उपयोग नाही. घरी न्या, मागेल ते खाऊ घाला, दुखलं तर या गोळ्या. किती दिवस, असं मी विचारलं, तर म्हणाले, दिवस मोजू नका. छोटू तिथंच रडायला लागला. सत्तावीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला. मी त्याला दटावलं. तोंड धुऊन ये म्हटलं, आणि मायसमोर एक शब्द काढशील तर याद राख.

बाहेर येऊन मंदाला सांगितलं की सूज आहे, महिनाभर औषध घेतलं की उतरेल. ती "बरं" म्हणाली. बसस्टँडवर मी केळी घेतली, ती तिनं खिडकीशी बसून खाल्ली. दवाखान्याची फाईल माळ्यावर जुन्या जाळ्यांखाली लपवली आहे. तिला वाचता येत नाही, पण सून रंजूला येतं.

५ जुलै

मंदाच्या डोक्यात आज भलतंच आलं. अंगणात खाटेवर बसली होती. म्हणाली, "मले एक डाव सुंदरच्या घरी न्या जी."

सुंदर म्हणजे सुंदरबाई, तिची धाकटी बहीण. लाखांदूरला असते. दोघी आठ वर्षं बोलत नाहीत. सुंदरच्या मुलीच्या लग्नात मोठ्या मावशीच्या मानाचं लुगडं गडबडीत दुसऱ्याच बाईला गेलं. मंदा भर मांडवात उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा तुह्या दारात पाय ठेवला त बापाची नाही." लुगडं राहिलं बाजूला, सुंदर रडत आत गेली आणि आम्ही न जेवता परतलो.

आमच्या लोकांत ज्यानं शब्द टाकला त्यानंच तो उचलायचा असतो, आणि जिथं टाकला त्याच दारात. निरोप चालत नाही, फोन चालत नाही. सुंदरनं इकडं येऊनही काही होत नाही. जायला मंदालाच हवं.

मी म्हटलं, "आधी बरी होय, मग जाऊ. आठ वर्षं नाही आठवली तुले ते."

"आठवली नाही, असं कोण म्हणते?" ती म्हणाली.

आजारी माणसाच्या तोंडी लागू नये, म्हणून मी तलावाकडं निघून गेलो. आजपासून तिकडं फ्रान्सची सायकल शर्यत सुरू झाली असेल. उद्या पाहायला मिळेल.

६ जुलै

या शर्यतीचा नाद मला मागच्या वर्षी लागला. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पाय मोडला, दीड महिना प्लास्टरात होतो. छोटू तुमसरला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. दुकानाचा मालक विक्की स्वतः सायकलवेडा. तो शर्यत उतरवून ठेवतो आणि छोटू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलमध्ये भरून आणतो, कारण आमच्या गावात रेंज म्हणजे पाहुणी. त्यामुळं आम्ही जगाच्या एक दिवस मागे. शिवाय सगळं पाहायला मिळत नाही, तासाभराचं काटछाट केलेलं असतं. बोलणारा इंग्रजीत बोलतो. मला ओ की ठो कळत नाही. छोटू जेवढं सांगेल तेवढं खरं.

एकवीस दिवस, रोज पावणेदोनशे किलोमीटर. मी स्वतः अठरा वर्षं सायकलच्या कॅरिअरला मासोळीची पेटी बांधून तुमसरचा बाजार केला आहे. तेव्हा सायकल म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पण ही मंडळी डोंगर असा चढतात की बघणाऱ्याच्या मांड्या भरून येतात.

पहिला कोण येतो त्यात मला रस नाही. पहिल्याला सगळेच पाहतात. मला आज एक गडी सापडला. निळ्या सदऱ्याचा, पाठीवर १८७. त्याचं काम एकच. मागे गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या सात-आठ बाटल्या सदऱ्यात कोंबायच्या आणि पुन्हा सगळ्यांना गाठून आपल्या साहेबाला नि जोडीदारांना पाणी द्यायचं. पोट फुगलेलं, मान खाली. प्रत्येक संघात असे असतात म्हणे. छोटूनं इंग्रजी नाव सांगितलं, ते मी विसरलो. मी त्याला पाणक्या म्हणतो. काल तो एकशे ऐंशी जणांत शेवटून चौथा आला. मला फार आवडला.

७ जुलै

हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथं लिहितो.

माझ्या बापाची एक रीत होती. मोठं जाळं टाकताना मनात एक गोष्ट धरायची: पहिल्या ओढीत रोहू आला तर अमुक होईल. धरलेलं कुणापाशी बोलायचं नाही. आणि जाळं पाण्यात आहे तोवर काठ सोडायचा नाही. काठ सोडला की धरलेलं सुटलं. तरुणपणी मी बापाला हसायचो. पण छोटू दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला, डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा बापानं असंच मनात धरलं होतं. जाळ्यात हातभर रोहू आला आणि तिसऱ्या दिवशी पोरगं पेज मागू लागलं.

आज संध्याकाळी पाणक्या चढावर मागे पडला. एकटाच. मागून झाडूगाडी येते, थकलेल्यांना उचलून नेणारी, ती त्याच्या टाचेशी लागलेली. तरी गडी उतरला नाही. पोचला. आणि मी मनात धरून बसलो. हा १८७ सत्तावीस तारखेला पॅरिसला पोचला, तर मंदा बरी होईल.

बुडत्याला काडीचा आधार, हे मलाही कळतं. पण माझ्याजवळ दुसरं काय आहे? त्या फाईलमध्ये तर काडीसुद्धा नव्हती.

आता सत्तावीसपर्यंत काठ सोडायचा नाही. म्हणजे गाव सोडायचं नाही.

९ जुलै

आज मंदा माझ्याशेजारी बसून शर्यत पाहत होती. मी पाणक्या दाखवला.

"हा कई जितन?" तिनं विचारलं.

"हा जितत नाही. हा पाणी देते."

"अन् त्याले कोण देते?"

 ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "बाईमाणसासारखं काम हाय जी त्याचं. त्याच्या मायनं पायलं त काय म्हणन?" रंजू हसली, मीही हसलो. मंदानं माझ्याकडं पाहिलं आणि तीही हसली. आज तिनं झिंग्याच्या भाजीशी थोडा भात खाल्ला. औषध लागू पडत असावं, किंवा दुसरं काही.

११ जुलै

सकाळी तुलाराम आला. संस्थेचा टेम्पो तोच चालवतो. उद्या लाखांदूरकडच्या दोन तलावांना मासोळीची पिल्लं पोचवायला जातो म्हणाला. पुढची सीट रिकामी. मंदानं आतून ऐकलं आणि भिंतीला धरत बाहेर आली.

"म्या जातो तुलारामभाऊसंग. संध्याकाळवरी वापस आणून देईन तो. तुमी पण चाला, मांडीवर पिल्लायचा डबा धरून बसजा."

"हो वहिनी, कायले नाही," तुलाराम म्हणाला. "रस्ता कोरडा हाय. पाऊस लागला मंग पंचाईत."

मी नाही म्हटलं. हादरे बसतील, औषधाची वेळ चुकेल, अशी कारणं सांगितली. खरं कारण कुणाला सांगता येत नव्हतं. तिला एकटीला पाठवायचाही धीर झाला नाही, वाटेत दुखायला लागलं तर तुलाराम काय करणार? मंदा म्हणाली, "मंग कई नेता, ते त सांगा."

"अठ्ठावीस तारखेले. पक्कं."

"अठ्ठावीसले काय हाय?"

"काही नाही. तेवढ्यात तुह्या अंगात ताकद येईन."

ती आत गेली. तुलारामनं चहाची बशी खाली ठेवली आणि मला म्हणाला, "सचिवसाहेब, तुमचा स्वभाव काही गेला नाही."  सतरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

१३ जुलै

काल शर्यत पाहायला मिळाली नाही. विक्कीचं इंटरनेट बंद होतं म्हणे. आज छोटूनं दोन दिवसांची एकदम आणली, पण कालची फाईल उघडेना. आजचीत पाणक्या कुठं दिसला नाही.

"कॅमेरा समोरच्यायवरच राहते बाबा," छोटू म्हणाला. "मांगच्यायले कोण दाखवते?"

"पण पोचला ना?"

"पोचला."

"कितवा?"

"एकशे एकसठवा."

मग तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला आणि जेवायलाच परतला. पोरगा थकतो हल्ली. रोज तुमसर जाणं-येणं, त्यात मायची चिंता.

१४ जुलै

आज एक गंमत झाली. निळ्या सदऱ्याच्या संघात पाणी आणायला दुसराच गडी लावला होता, १८४ नंबरचा. नवशिका. एक बाटली रस्त्यावर पाडली. मी छोटूला म्हटलं, पाणक्याला साहेबानं विसावा दिलेला दिसतो. डोंगर पुढं आहेत, दम राखून ठेव म्हणाला असेल. चांगला साहेब दिसतो. आमच्या संस्थेत असा एकही अध्यक्ष झाला नाही.

छोटू म्हणाला, "असन."

आज एकशे अठ्ठावन्नावा. म्हणजे तीन जागा वर चढला.

१८ जुलै

तीन दिवस लिहिलं नाही. एक दिवस त्यांची सुट्टी होती, एक दिवस मंदाला रात्रभर उलट्या झाल्या आणि एक दिवस मला कंटाळा आला.

आज मोठे डोंगर. या डोंगरांत वेळेचं बंधन असतं. पहिला पोचल्यावर ठरल्या वेळात पोचला नाहीत तर घरी जा. धुकं होतं, लोक रस्त्यावर येऊन ओरडत होते, एका म्हाताऱ्यानं एका गड्याच्या पाठीला हात लावून ढकललं. पाणक्या दिसतो का म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. दिसला नाही. व्हिडिओ संपला. छोटूच्या मागे लागलो. त्यानं मोबाइलमध्ये बराच वेळ शोधलं.

"वाचला," म्हणाला. "चार मिनिटांनी वाचला."

मी उठून उभाच राहिलो. रंजूला गुळाचा शिरा करायला सांगितला. मंदानं चमचाभर घेतला. छोटूनं घेतलाच नाही, पोट बरं नाही म्हणाला. मी त्याला बोललो, घरात आनंदाचा दिवस असताना असं तोंड पाडून बसू नये. तो उठून अंगणात गेला. मायसारखाच आहे, मनातलं ओठावर येऊ देत नाही.

१९ जुलै

मंदाची तब्येत सुधारते आहे. आज तिनं स्वतःहून पेटी उघडली. रंजूला शेजारी बसवून एकेक वस्तू काढली. हे लुगडं तुझ्यासाठी, ही पैंजणं नात झाली तर तिला, हे भांडं माझ्या मायचं, ते सुंदरला. झिंगे कुठल्या उन्हात सुकवायचे, डब्यात कडुलिंबाचा पाला कधी घालायचा, मला ताकानं खोकला होतो, सगळं तिला सांगत होती. तासभर बसली. मागच्या आठवड्यात तिला दहा मिनिटं बसवत नव्हतं. रंजू मात्र डोळे पुसत होती. या पोरी कशालाही रडतात.

छोटूनं सांगितलं, एकशे पन्नासावा.

२१ जुलै

दोन दिवसांत मंदाच्या पोटात पेजेपलीकडं काही गेलेलं नाही. डोळे पिवळे दिसतात. दुपारी मला जवळ बोलावलं.

"आता पायानं नाही चालवत जी. पर बसवून त न्याल? सुंदरच्या दारात उतरवून द्या, उंबरठ्यापावत म्या रांगत जाईन."

 क्षणभर वाटलं, गेलं खड्ड्यात ते मनात धरलेलं, तुलारामला हाक मारावी. मग वाटलं, पंधरा दिवस काठ धरून बसलो आणि आता सहा दिवसांसाठी सोडू? गडी तिकडं वाकलेल्या पाठीनं डोंगर उतरतो आहे. मी घरात बसून एवढंही करू नये? माझ्या सुटण्यानं ती गेली तर मी स्वतःला काय सांगू?

"सहा दिवस," मी म्हटलं. "सहाच दिवस दम धर."

तिनं माझा हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं.

२२ जुलै

कालपासून पाऊस. थांबायचं नाव नाही. ज्यांची भाताची रोवणी झाली त्यांची रोपं वाहून जाणार म्हणतात. तलाव पाळीला टेकला आहे.

२३ जुलै

लिहितो. 

पावसामुळं बस बंद, म्हणून विक्कीनं छोटूला आपल्या गाडीतून घरी सोडलं. मंदाला पाहायला म्हणून आत आला. भला पोरगा आहे. तिच्या पाया पडला. रंजूनं चहा केला. मी आपला हौसेनं विषय काढला, म्हटलं, विक्कीभाऊ, आपला १८७ पोचते का पॅरिसले?

"कोणता, तो पाणीवाला? तो कुठून पोचते काका," विक्की म्हणाला. "तो त कवाचाच घरी गेला. अकरा तारखेले पडला ना उतारावर. खांद्याचं हाडच मोडलं. सायकल उचलून उभा राहून रडून राहिला होता, पुरं दाखवलं ना. छोटूनं दाखवलं नाही?"

मी छोटूकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. विक्कीला काहीच समजलं नाही, चहा संपवून गेला बिचारा.

मी छोटूला गोठ्यात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा जवान लेकावर हात उगारला. "दहा दिवस तू मले नंबर सांगून राहिला. एकशे एकसठ, एकशे अठ्ठावन्न. कुठून आणले ते नंबर?"

"मनचे," तो म्हणाला. "तुमी तेवढा एकच टाइम हासत होते बाबा. मले सांगवलं नाही. मनलं, शर्यत संपन अन् तुमी आपोआप इसरान."

"खोटं बोलाचं तुले कोणं शिकवलं?"

तेव्हा त्यानं वर पाहिलं. "तुमीनं. नागपूरले. तुमीनं मायले सांगतलं का?"

उगारलेला हात तसाच खाली आला. मग मी त्याला सगळं सांगितलं. काय धरलं होतं, गाव का सोडत नव्हतो, तुलारामच्या टेम्पोत तिला का बसू दिलं नाही.  "मले माहीत असतं त..." एवढंच तो म्हणाला, आणि गोठ्याच्या खांबाला डोकं लावून उभा राहिला. त्याला काय बोल लावू? ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी.

आत गेलो. मंदा जागी होती. मी तिच्या पायथ्याशी बसलो आणि म्हटलं, "मंदा, मी तुह्यासंग खोटं बोललो. सूज नाही ते."

"माहीत हाय मले."

"कईपासून?"

"नागपूरपासून. छोटू तोंड धुऊन आला, त्याचे डोळे लाल होते. अन् तुमी मले केळं घेऊन देल्ले. बत्तीस वर्सांत तुमी मले बसस्टँडवर कई काही घेऊन देल्लं जी?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी त्या सायकलवाल्यायले पाहून खुश राहत होते. मनलं, राहू द्या, तेवढंच." थोडा वेळ तिला धाप लागली. मग म्हणाली, "माही एकच गोष्ट होती. ते तुमाले तीन डाव सांगतली."

मी तिचे पाय धरले. नवऱ्यानं बायकोचे पाय धरू नयेत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी येऊन बसावं.

२४ जुलै

पहाटेच तुलारामच्या दारात गेलो. तो कालच्या पावसाचं बोलला नाही, की माझ्या स्वभावाचं. नुसती टेम्पोची किल्ली घेतली. पुढच्या सीटवर मंदाला गोधडीत गुंडाळून बसवलं, मी तिला धरून. छोटू मागे ताडपत्रीखाली. ठिकठिकाणी रस्त्यावर पाणी, तुलाराम दोनदा उतरून काठीनं खोली पाहून आला. मंदाला फार दुखत होतं, पण तिनं कुठं थांबवायला सांगितलं नाही. नवं लुगडं नेसली होती. रंजूनं नेसवलं होतं.

लाखांदूरच्या अलीकडं नदीच्या पुलापाशी पोलीस उभे होते. पूल दिसत नव्हता. कठड्याच्या लोखंडी दांड्या तेवढ्या पाण्याच्या वर दिसत होत्या. कालपासून बंद आहे म्हणाले. दुसरा रस्ता? तोही बंद. मी हवालदाराला हात जोडले, बाई शेवटच्या घटकेत आहे म्हटलं. मंदासमोर म्हटलं. आता झाकायचं काय होतं? तो म्हणाला, "काका, मीच बुडीन अन् तुमीही बुडान."

"किती राहिलं जी?" मंदानं विचारलं.

"चौदा किलोमीटर," तुलाराम म्हणाला.

ती काचेतून पाण्याकडं पाहत होती. छोटूनं सुंदरला फोन लावला. तिकडं वीज नव्हती, फोन बंद येत होता. दहा वेळा, वीस वेळा लावला. मंदा म्हणाली, "राहू दे बेटा. फोनवर नाही होत ते." तास दीड तास आम्ही तिथंच उभे होतो, पाणी उतरेल म्हणून. उलट चढलं. मग तिनंच म्हटलं, "चाला वापस."

वाटेत ती झोपली. मी तिला धरून मोजत होतो. अकरा तारखेला पाणक्या पडला. बारा तारखेला टेम्पो गेला, रिकाम्या सीटचा, कोरड्या रस्त्यानं. टेम्पो निघाला तेव्हा माझी शर्यत संपलेली होती, आणि मी काठ धरून बसलो होतो.

२६ जुलै

आज सकाळी साडेसातला मंदा गेली. माझ्या हातून दोन चमचे पाणी प्याली, आणि तिसरा ओठातून बाहेर आला.

पाऊस थांबला होता. तलावाच्या काठी वाळलेली लाकडं मिळेनात, संस्थेच्या गोदामातल्या तुटक्या नावेच्या फळ्या काढून दिल्या लोकांनी.

२९ जुलै

दुपारच्या एसटीनं सुंदरबाई आली. छोटूचा फोन तिला सत्तावीसला लागला, रस्ता काल मोकळा झाला. आठ वर्षांत तिचे केस पांढरे झाले आहेत. रंजूनं पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं. घरभर पाहिलं. मंदाची खाट आम्ही उभी करून ठेवली आहे, तिकडं पाहून पदर तोंडात कोंबून रडली.

मग मला म्हणाली, "भाऊजी, एकच सांगा. तिच्या मनात माह्याबद्दल राग होता का जी शेवटपावत?"

छोटूनं माझ्याकडं पाहिलं. मला ठाऊक होतं तो काय विचार करतो आहे. सोपं होतं. शेवटी तिला बोलताच येत नव्हतं, असं म्हटलं असतं, तर सुंदर रडली असती, उठली असती, आणि माझ्याशी तिचं काही वाकडं राहिलं नसतं.

मी म्हटलं, "राग नव्हता. पाच तारखेपासून तुह्या दारात येतो म्हणे. रांगत येतो म्हणे. रस्ता खुला होता, टेम्पोत जागा होती. म्याच आणलं नाही तिले."

 "काहून?" तिनं विचारलं. "काहून नाही आणलं भाऊजी?"

"एका सायकलवाल्यासाठी," मी म्हटलं.

तिला वाटलं माझं डोकं फिरलं आहे. मी पहिल्यापासून सांगायला लागलो. फ्रान्स, पाण्याच्या बाटल्या, बापाचं जाळं, एकशे सत्याऐंशी. मध्येच थांबलो. तिला काही समजत नव्हतं. पाण्याचा पेला तिनं न पिता खाली ठेवला आणि रंजूजवळ जाऊन बसली. ती रंजूकडं गेल्यावर मी हे सगळं पहिल्या पानापासून वाचून काढलं, सुंदरला नीट सांगता यावं म्हणून. मलाही समजलं नाही.